जांभळी हद्द

नगरपालिकेने विमा कंपनीशी काडीमोड घेतला, त्याला दोन वर्षं झाली होती. कंपनी दर वर्षी हप्ता वाढवायची आणि दर वर्षी एक नवं कलम दाखवून भरपाई नाकारायची. शेवटच्या वर्षी पाण्याच्या टाकीची शिडी तुटली आणि शिडीवरचा माणूस खाली आला. कंपनीने कळवलं की शिडी तुटण्याचा विमा आहे, माणूस पडण्याचाही आहे, पण दोन्ही एकाच दिवशी झाल्यामुळे काहीच देता येत नाही. मुख्याधिकारी साहेबांनी ते पत्र चार वेळा वाचलं, घडी घालून कंपनीच्या माणसाच्या तोंडात कोंबलं आणि त्याला खुर्चीसकट जिन्यावरून सोडून दिलं. माणूस सतरा पायऱ्या उतरला, त्यातल्या पहिल्या तीन बसून.

मग साहेब हात झटकत म्हणाले, "आजपासून आपला विमा आपणच."

स्वविमा निधी असा जन्माला आला. कल्पना अगदी सरळ होती. हप्ता बाहेर द्यायचा नाही, तो घरातच एका पेटीत टाकायचा, आणि नगरात कुणाचं काही मोडलं, फुटलं, तुटलं की त्या पेटीतून भरून द्यायचं. पेटीवर बसवल्या जोखीमबाई.

दुसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या खोबणीला टेकून एक खोली होती. तिच्या दारावर 'जोखीम व्यवस्थापन कक्ष' अशी पाटी होती आणि त्या कक्षात त्या एकट्याच होत्या. प्रमुख त्याच, कारकून त्याच, दिवा बंद करणाऱ्याही त्याच. वय छत्तीस. पर्समध्ये तीस मीटरची कापडी मोजपट्टी. कुणी पडला की बाकीचे "अरे अरे" म्हणत धावायचे, बाई धावत जाऊन आधी "किती उंचीवरून?" असं विचारायच्या. त्या समोरून आल्या की लोक सपाट जमिनीवरसुद्धा कशाचा तरी आधार धरायचे.

बाईंना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. दुसऱ्याच्या खिशातून भरपाई जाते तोवर कुणी खड्डा बुजवत नाही. म्हणून त्यांनी नियम केले. ज्या विभागाच्या नावावर जास्त जखमी, त्याने पेटीत जास्त टाकायचं. ज्याच्या नावावर वर्षभर शून्य, त्याला नव्या यंत्रांतलं पहिलं यंत्र. प्रत्येकाला एक मर्यादा, आणि मर्यादा ओलांडली की तो विभाग बंद करून दुसऱ्यात विलीन. स्वतःच्या कक्षाची मर्यादा त्यांनी 'वर्षाला एक ठेच' अशी लिहिली, कारण कागदाने बोट कापण्यापलीकडे तिथे काही घडण्यासारखं नव्हतं.

भांडण उरलं ते एकच. जखमी कुणाच्या नावावर? पूर्वी यावर सहा-सहा महिने वाद चालायचा. हे म्हणायचे तिकडे घसरला, ते म्हणायचे इकडे आपटला. बाईंनी तो वाद एका ओळीत मिटवला. नियम चार: जखमी जिथे सापडेल, त्या विभागाच्या नावावर. कुठे घडलं हे सांगायला साक्षीदार लागतात आणि साक्षीदार फिरतात. कुठे सापडला यासाठी मोजपट्टी पुरते, आणि मोजपट्टी कधी फिरत नाही. त्या रात्री बाई समाधानाने झोपल्या. ती त्यांची शेवटची समाधानाची झोप.

कुणाची जागा कुठली यावरही घोळ नको म्हणून नियम पाच: जमिनीवर ज्याचा रंग, जमीन त्याची. आठवड्याभरात पेंटरने सगळं नगर आखून काढलं. रस्ते विभाग लाल, बागा हिरव्या, नळखातं निळं, आरोग्य पिवळं. हातात उरलेल्या रंगांतून बाईंच्या कक्षाच्या उंबऱ्याला जांभळं बोट फिरवलं.

पहिल्याच महिन्यात फरक दिसला. बागेतला झोपाळा तुटला आणि एका पेन्शनरचं मनगट मोडलं. माळ्यांनी त्याला आदराने उठवलं, पाणी पाजलं, "काका, जपून" म्हणाले आणि कुंपणावरून रस्त्यावर फेकून दिलं. रस्त्याच्या लोकांनी त्याला झेललं नाही, पण परत मात्र नेम धरून फेकलं. असं पाच वेळा झालं. सहाव्या वेळी काका स्वतःच सरपटत नळखात्याच्या निळ्या पट्ट्यावर गेले आणि म्हणाले, "काय मारायचं ते इथं एकदाच मारा." नळखात्याने त्यांचं मन मोडलं नाही. दवाखान्याच्या कागदावर नोंद झाली: झोपाळ्यामुळे इजा एक, नगरपालिकेमुळे अकरा.

बाईंनी ती नोंद वाचली आणि चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग त्या साहेबांकडे गेल्या.

"साहेब, नियम चार बदलायला हवा."

"का हो? झकास चाललंय. सगळ्या विभागांची पाटी कोरी."

"अपघात तेवढेच आहेत, साहेब. उलट लोकांना जास्त लागतंय."

"कुणाच्या नावावर?"

"कुणाच्याच नाही."

"मग तुमची तक्रार काय आहे, बाई?"

कुणाच्याच नाही, याचंही कारण बाईच होत्या. नगराचा मूळ नकाशा नगरपालिकेच्या इमारतीसमोरच्या जागी फाटला होता. तो त्यांनी प्रथमोपचाराच्या पेटीतली पांढरी चिकटपट्टी लावून जोडला. नकाशा उतरवणारा आरेखक फार प्रामाणिक माणूस. त्याने चिकटपट्टीसुद्धा उतरवली. त्यामुळे इमारतीसमोर, एका जुन्या प्रचंड झाडाखाली, एक पांढरा त्रिकोण तयार झाला, ज्याला कुठलाच रंग नव्हता. विभागांना हे कळायला चार दिवस लागले. पाचव्या दिवसापासून नगरातले यच्चयावत जखमी तिथे सापडू लागले. हातगाड्यांवरून आणून ओतायचे. कुणाचं डोकं फुटलेलं, कुणाचा खांदा निखळलेला, कुणी गटारात पडलेला, कुणी गटारातून काढताना पडलेला. एका सोमवारी तिथे एकोणीस जण होते. त्यांतल्या दोघांना काहीच झालेलं नव्हतं. सावली बरी म्हणून आले होते. माळ्यांनी बघितलं, पांढऱ्यात आहेत, म्हणून त्यांनाही दोन ठेवून दिल्या.

हातगाडीची युक्ती भावजींची. भावजी म्हणजे बाईंचे धाकटे दीर, रस्ते विभागाचे मुकादम. बाईंचे यजमान घरात वर्षाला चार वाक्यं बोलायचे, त्यांच्या वाटचं बोलणं भावजी बोलायचे. मनाने सोन्यासारखा माणूस. वहिनीला ताप आला तर रात्रभर उशाशी बसणारा. फक्त त्यांना नवा रोलर हवा होता. रस्ते विभागाची पाटी अकरा महिने सव्वीस दिवस कोरी होती. अजून पाच दिवस, की रोलर. त्यांनी त्याचं चित्र पाकिटात ठेवलं होतं, जिथे लग्नाळू माणूस दुसरंच काही ठेवतो.

पांढऱ्या त्रिकोणामुळे साहेबांना इमारतीत शिरताना माणसं ओलांडावी लागायची. एकदा एकाने घोटा धरला. त्याच दिवशी हुकूम सुटला: त्रिकोण तीन विभागांत वाटून टाका, लाल, हिरवा, निळा. गुरुवारी सकाळी.

गुरुवारी सकाळी घरात बाई बुटाची नाडी बांधत होत्या आणि भावजी आरशासमोर भांग पाडत होते.

"भावजी, आज तिकडे फिरकू नका. झाडाची मोठी फांदी उतरवणारेत. दोर जुना आहे. मी परवाच नोंदवलंय."

"वहिनी, तुम्ही तर माझ्या लग्नातली खुर्चीसुद्धा धोकादायक म्हणून नोंदवाल."

"लग्न तरी नोंदवू द्या आधी."

"मी फक्त पेंटरची आखणीची दोरी धरायला जाणार. लाल रंग एक इंच जास्त पडला तर? पाच दिवस राहिलेत आणि तेवढ्याच इंचावर कुणी येऊन मेला तर?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, गावभरचे धोके मोजतेस, या एका धोक्याला घरात कोंडून ठेव की."

"आई, तो नोंदवहीत बसत नाही," बाई म्हणाल्या. भावजी हसले आणि शिट्टी वाजवत निघून गेले.

दहा वाजून वीस मिनिटांनी बाईंच्या खिडकीची काच हादरली. त्यांनी बाहेर पाहिलं. फांदी उतरली होती, दोर सोडून. ती खाली पडली होती आणि तिच्याखालून भावजींचा आवाज येत होता. आवाज येतोय याचा अर्थ जिवंत आहेत, असा हिशेब करत बाई जिना उतरल्या. कठडा न धरता. इमारतीतल्या तिघांनी ते पाहिलं आणि काहीतरी भयंकर झालंय हे ओळखलं.

भावजी उताणे पडले होते. डावी नडगी मोडून हाड बाहेर आलं होतं आणि रक्त विजार भिजवून जमिनीवर पसरत होतं. पेंटरने नुकत्याच ओढलेल्या रेघेवर ते पडले होते. कमरेपासून वर हिरव्यात, कमरेपासून खाली लाल. फांदी बाजूला करायला माळी आणि रस्त्याचे लोक दोघेही धावले आणि फांदी बाजूला झाल्यावर दोघेही थांबले. दोघांनीही रेघेकडे पाहिलं.

"माणूस तुमचा, पाय तुमच्याकडे," मुख्य माळी म्हणाला. याला सगळे कातरदादा म्हणायचे, कारण कातर त्याच्या हातातून फक्त जेवताना सुटायची. "उरलेलाही घेऊन जा."

"फांदी तुमची, डोकं तुमच्याकडे," रस्त्यावरचा डांबरवाला म्हणाला. "माणूस डोक्यावरून ओळखतात. पायावरून चप्पल ओळखतात."

मग माळ्यांनी भावजींना काखेतून उचलून लालकडे ढकललं. रस्त्याच्या लोकांनी त्यांना पायाकडून हिरव्यात ढकललं, त्यात मोडका पायही होता. भावजी असे ओरडले की झाडावरचे पक्षी उडाले आणि परत आलेच नाहीत.

"थांबा!" बाई ओरडल्या. "रक्त थांबवा आधी!"

"वहिनी," भावजी दात खात म्हणाले, "आधी मला हिरव्यात घ्या. पाय राहू दे मागे, पाच दिवसांनी नेऊ."

डांबरवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. असा मुकादम पुन्हा होणे नाही, हे त्याला कळलं. त्याने तो गहिवर फावड्यात उतरवला आणि फावडं कातरदादाच्या कानशिलात घातलं.

त्यानंतर जे झालं त्याला मारामारी म्हणणं म्हणजे मारामारीचा अपमान आहे. कारण मारामारीत माणूस स्वतःला वाचवतो. इथे नियम चार होता. समोरच्याला त्याच्याच रंगावर पाडलं तर जखमी त्याच्या नावावर. आपण समोरच्याच्या रंगावर पडलो तरी जखमी त्याच्याच नावावर. म्हणजे शत्रूच्या जागेत घुसून मारण्यात फायदा आणि शत्रूच्या जागेत घुसून मार खाण्यातही फायदा. त्यामुळे सगळे हल्ला करत होते आणि बचाव कुणीच करत नव्हतं. एक माळी छाती पुढे काढून लालमध्ये शिरला आणि "मार!" म्हणाला; त्याला घमेल्याने मारलं, तो आनंदाने कोसळला. रस्त्याच्या एकाने हिरव्यात जाऊन स्वतःच कुंपणाच्या खांबावर डोकं आपटून घेतलं, तीनदा, पक्कं व्हावं म्हणून. कातरदादा कान धरून उठला आणि त्याने डांबरवाल्याच्या दंडाचा लचका कातरीने असा काढला, जणू तो वर्षभर वाढू दिलेला होता. कुणाचा दात उडून पेंटरच्या डब्यात पडला. एकाची करंगळी उलट्या बाजूला गेली, तरी तो तिनेच लाल रेघ दाखवत म्हणत होता, "मी इकडे आहे, नीट बघा, मी इकडे आहे!"

नळखात्याचे चौघे निळ्या पट्ट्यावर पान्हे घेऊन शांत उभे होते. कुणी धडपडत निळ्यात आला की ते त्याला उलट दिशेने टोलवायचे. त्यांना कुणाचाच राग नव्हता.

रुग्णवाहिका आली ती मध्येच. दहा पावलांवर थांबली आणि चालकाने काच वर केली. बाईंनी काचेवर मुठी मारल्या.

"दार उघडा! माणूस मरतोय!"

काच बोटभर खाली आली. "बाई, गाडी पिवळी आहे. आत घेतला की तो आमच्याकडे सापडला. आधी पंचनामा दाखवा, कुणाच्या नावावर ते."

"पंचनाम्यावर त्या विभागाच्या प्रमुखाची सही लागते!"

"मग घ्या की."

बाईंनी मागे पाहिलं. हिरव्याचा प्रमुख, म्हणजे कातरदादाचा वरचा साहेब, लालच्या माणसाचा कान चावत होता. लालचा प्रमुख साइटवर नव्हता; सकाळीच हजेरी लावून पसार झाला होता.

बाई परत भावजींकडे धावल्या. वाटेत कुणाचं तरी कोपर त्यांच्या तोंडावर बसलं आणि तोंडात रक्ताची चव आली. त्यांनी पर्समधून मोजपट्टी काढली. तीस मीटरची. तिच्यावर त्यांनी नगरातलं प्रत्येक इंच मोजलं होतं, आणि आज पहिल्यांदा त्यांनी आकड्यांकडे न बघता ती भावजींच्या गुडघ्याच्या वर गुंडाळली, पेंटरच्या ब्रशची दांडी अडकवून पिळली, अजून पिळली. रक्त मंदावलं. भावजींचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"वहिनी, किती वाजले?"

"साडेदहा."

"म्हणजे चार दिवस साडेतेरा तास राहिले."

"भावजी, तोंड मिटा."

"आईला सांगू नका पाय..."

"पाय तुमचा राहतोय की नाही ते मला माहीत नाही. तुम्ही राहताय. दांडी धरा. सोडलीत तर मीच मारीन."

भावजींनी दांडी धरली. बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी चारही बाजूंना पाहिलं. पांढरा त्रिकोण असता तर. एक हात जमीन कुणाची नसती तर. आज सकाळपर्यंत ती होती, त्यांच्याच हातच्या एका चिकटपट्टीच्या तुकड्याएवढी. आता सगळीकडे रंग होता, इंचाइंचावर कुणाचा तरी. लाल. हिरवा. निळा. पेंटर झाडाला पाठ लावून डबे पोटाशी धरून बसला होता.

बाईंनी त्याच्या पोटाशी हात घातला.

"बाई, अहो! तो लाल आहे!"

"ठाऊक आहे." त्यांनी निळ्याचा डबा उचलला आणि लालमध्ये ओतला. कुणाचा तरी दात बुडाला. त्यांनी बाही कोपरापर्यंत सारली आणि हातानेच ढवळलं. जांभळा झाला. फारसा सुबक नाही, काळपट, जुन्या मारासारखा.

"बाई, ऑर्डरीत जांभळा नाही!"

"आता आहे. सरका."

त्या वाकल्या आणि भावजींच्या डोक्यापासून त्यांच्याभोवती वर्तुळ रंगवायला सुरुवात केली. मुठीने रंग घ्यायच्या आणि जमिनीवर ओढायच्या. लाल ओला होता, हिरवा ओला होता, त्यांच्यावरून जांभळा जात राहिला. कातरदादाला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्याने दुसरा लचका अर्धवट सोडला.

"ए बाई! हिरव्यावर रंग? माझ्या हद्दीत?"

"नियम पाच," बाई खाली बघतच म्हणाल्या. "जमिनीवर ज्याचा रंग, जमीन त्याची."

"म्हणजे हा गडी तुझ्या नावावर?"

"माझ्या."

इथे खरं तर त्याने खूश व्हायला हवं होतं. पण इतका वेळ मारल्यावर माणसाला कारण गेलं तरी हात थांबवता येत नाही. त्याने फावडं घेऊन फिरवलं. ते बाईंच्या जबड्यावर बसलं. कट् असा आवाज झाला, आणि तो आपल्या तोंडातून आला हे बाईंना थोड्या उशिराने समजलं. त्या गुडघ्यांवर बसल्या. अर्धा डबा शिल्लक होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि सगळ्या आयुष्यात कुणाला चापटसुद्धा न मारलेल्या बाईने तो कातरदादाच्या तोंडावर असा हाणला की डबा चपटा झाला आणि कातरदादाचं नाकही. तो जांभळा होऊन मागे पडला. पडला तो वर्तुळात.

"हाही माझा," बाई म्हणाल्या. जबडा नीट हलत नसल्यामुळे ते "हाही बाबा" असं काहीतरी ऐकू आलं, पण अर्थ पोहोचला.

वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. साहेब अर्ध्या अंगाने बाहेर आले.

"जोखीमबाई! हे काय चाललंय? तुमच्या कक्षाची मर्यादा किती आहे, कल्पना आहे का?"

बाईंनी मान वर केली. "एक ठेच, साहेब. मीच लिहिलीय."

"मग कक्ष बंद होईल! तुम्हाला कशात विलीन करू मी? स्मशान विभागात?"

"तिथं सगळे आधीच सापडलेले असतात, साहेब. काम कमी."

त्यांनी पर्समधून पंचनाम्याचा कोरा कागद काढला. सापडल्याचं ठिकाण: जांभळ्यात. विभाग प्रमुखाची सही: त्यांचीच. नोंद घेणाऱ्याची सही: त्यांचीच. साक्षीदार म्हणून पेंटरचा अंगठा, जो आपसूक जांभळाच होता. कागदावर त्यांच्या हनुवटीवरून रक्त पडत होतं, तो शिक्का समजून चालकाने काचेतून कागद पाहिला, दोनदा पाहिला, आणि दार उघडलं.

भावजींना उचलून आत घातलं. पाय पुढे वाचला, दीड इंच आखूड होऊन, पण त्या क्षणी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या क्षणी एवढंच ठाऊक होतं की दांडी त्यांच्या मुठीत होती आणि मूठ घट्ट होती. बाईंनी गाडीच्या दाराला टेकून पहिल्यांदा श्वास सोडला.

आणि मग मारामारी थांबली. कुणी थांबवली नाही. एका माळ्याच्या लक्षात आलं की वर्तुळात सापडलेला माणूस लालचा नाही, हिरव्याचा नाही, निळ्याचा नाही. आपल्या विभागाच्या कोऱ्या पाटीशी इमान राखून तो, मोडलेल्या बरगड्या हाताने धरून, सरपटत जांभळ्यात आला. त्याच्यामागे करंगळीवाला. मग खांबावर डोकं आपटलेला. डांबरवाला लचका मुठीत घेऊन आला. लोक एकमेकांना हात देत होते. "सांभाळून रे, इथं घे, जागा आहे." पाच मिनिटांपूर्वी ज्याने ज्याचा कान चावला होता, तो त्याला खांद्यावर घेऊन रेघ ओलांडत होता. नळखात्याच्या चौघांनी पान्हे खाली ठेवले आणि ज्यांना टोलवलं होतं त्यांना अदबीने वर्तुळात पोहोचवलं. चौदा जण झाले. बाई प्रत्येकासाठी एक कागद लिहीत होत्या आणि प्रत्येक कागदावर दोनदा सही करत होत्या. चौदा ठेचा. कक्ष चौदा वेळा बंद झाला.

रुग्णवाहिका त्या दिवशी एकूण तीन फेऱ्या करणार होती. चालक आता अगदी खुशीत होता, त्याच्या नावावर कुणीच नव्हतं. भावजींची पहिली फेरी मात्र अजून सुटली नव्हती. कातरदादाला त्यांच्या शेजारी झोपवायचं होतं आणि तो बेशुद्ध असूनही कातर सोडत नव्हता. त्या दोन मिनिटांत बाई जागच्या जागी बसल्या, मग आडव्या झाल्या. जबडा सुजून खांद्याला लागत होता. आकाश स्वच्छ होतं, आणि त्यात कुणी रेघा मारल्या नव्हत्या.

"वहिनी!" गाडीतून भावजींची हाक आली. "वहिनी, तुम्हालाही लागलंय!"

बाईंनी हात वर करून लागलंय असं कळवलं.

"वहिनी, पाय! तुमचा उजवा पाय बघा!"

बाईंनी मान जरा उचलून पाहिलं. सगळं अंग जांभळ्यात होतं. उजवं पाऊल वर्तुळाच्या बाहेर होतं. बुटाची टाच लाल रंगात रुतली होती, रस्ते विभागाच्या, जिथे अकरा महिने सव्वीस दिवस कुणी सापडलं नव्हतं.

"आत घ्या, वहिनी! वीतभर! चार दिवस राहिलेत, वहिनी, रोलर येतोय!"

चालक मान लांब करून बघत होता. साहेब खिडकीतून बघत होते. पेंटरही बघत होता. बाईंना तो पेन्शनर आठवला, कुंपणावरून पाच वेळा गेलेला. हातगाड्या आठवल्या. आपण नियम चार लिहून झोपलो ती रात्र आठवली. पाय आत घेणं काही अवघड नव्हतं. गुडघा जरासा वाकवायचा.

त्यांनी छातीवर कागद ठेवला, शेवटचा, आणि आडव्या पडल्या-पडल्या लिहिलं. जखमी: एक. सापडल्याचं ठिकाण: लाल. खाली रस्ते विभाग प्रमुखाच्या सहीची जागा कोरी सोडली. तो पसार होता, पण कधीतरी हजेरी लावायला येणारच होता. कागद त्यांनी पेंटरच्या हातात दिला.

मग बूट आणखी थोडा बाहेर सरकवला, म्हणजे मोजणाऱ्याला त्रास नको.

हाड बाहेर आलं तेव्हा भावजी रडले नव्हते. मोडका पाय ओढला तेव्हाही नाही. आता ते रडायला लागले, लहान मुलासारखे, हुंदके देत, पण दांडी त्यांनी सोडली नाही. चालकाने दार लावलं आणि गाडी निघाली.